संशयाचा भार कोणी वाहावा?

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यात मुक्कामास असता तेथील एक माजी सैनिक सायंकाळी मजकडे आला. त्याच्या हाती पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेविलेला एक कागद होता. कागद इंग्रजीत होता व त्यावरील तारीख बारा वर्षांमागची होती. मजकूर थोडाच होता: आपला आजार लष्करी नोकरीमुळे उद्भवलेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही, सबब अपंगत्वाचे पेन्शन देता येत नाही. हा अर्थ त्यास पूर्वीच कोणी सांगितला होता. त्याचा प्रश्न निराळा होता. तो म्हणाला, "पाळकसाहेब, मी खोटा आहे असे ह्यात लिहिले आहे काय?"

तसे लिहिलेले नव्हते, व मी त्यास तसे सांगितले. परंतु बारा वर्षे तो हाच अर्थ उराशी धरून बसला होता, आणि म्हणूनच त्याने ह्या कागदाविरुद्ध कोठे दाद मागितली नव्हती. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ उपदेशकांस व शिक्षकांस असले कागद लोकांस वाचून दाखवावे लागतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी ह्यासारखे गाव तर आपल्या शिपायांवरूनच ओळखले जाते. म्हणून ह्या दोन ओळींमागे न्यायाचा जो प्रश्न आहे त्याचा थोडा विचार करू.

मनुष्याच्या शरीरात रोग कोठून आला हे पुष्कळदा कोणासच सांगता येत नाही. गोळी लागून पाय गेला तर वाद राहत नाही. परंतु अठराव्या वर्षी धडधाकट म्हणून भरती झालेला मुलगा वर्षानुवर्षे थंडीत, उन्हात, पहाऱ्यावर, घरापासून दूर काढतो आणि सत्ताविसाव्या वर्षी त्यास झटके येऊ लागतात. तेव्हा हे नोकरीने केले, की त्याच्या पिंडातच होते? डॉक्टर तर्क करील, शपथेवर सांगणार नाही. निर्णय तर दिलाच पाहिजे, आणि कोणताही दिला तरी तो चुकण्याचा संभव आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की, चूक व्हावयाचीच असेल तर तिचे ओझे कोणावर पडावे, सरकारच्या खजिन्यावर की त्या मनुष्याच्या घरावर?

कित्येक म्हणतील की, जो मागतो त्यानेच सिद्ध करावे. व्यवहाराचा हाच नियम आहे. उसने दिलेले पैसे परत मागणाऱ्याने कागद दाखवावा हे खरेच. परंतु येथे कागद कोणाजवळ आहेत ते पाहा. भरतीच्या दिवशी शिपायास तपासणारा डॉक्टर सरकारचा, नोकरीतील त्याचे आजारपण नोंदविणारा सरकारचा, आणि शेवटी त्यास नोकरीस नालायक ठरविणारे मेडिकल बोर्डही सरकारचेच. सगळे दप्तर एका पक्षाच्या कपाटात असावे व पुरावा मात्र दुसऱ्याने आणावा, ह्यास न्याय म्हणणे मला तरी जड जाते. शिवाय दोन्ही चुका सारख्या वजनाच्याही नाहीत. एका अपात्र मनुष्यास पेन्शन गेले तर खजिन्यास ते जाणवणारही नाही. पात्र मनुष्यास नाकारले तर एक चूल विझते.

हा विचार आजचा नव्हे. दुसरे महायुद्ध चालू असता १९४३ साली ब्रिटनमध्ये नियम बदलून पुराव्याचा भार शिपायाच्या खांद्यावरून काढण्यात आला, व नाकारलेल्या पेन्शनांच्या अपिलांसाठी निराळी न्यायमंडळे कायद्याने नेमण्यात आली. आपल्या देशात १९८२ च्या नियमांत हेच तत्त्व स्पष्ट लिहिलेले आहे. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर रोगाची नोंद नाही तो त्या वेळी निरोगी होता असे धरावे. पुढे त्यास प्रकृतीमुळे कमी केले तर ती हानी नोकरीने झाली असे मानावे. आपला हक्क सिद्ध करून दाखीव असे त्यास म्हणू नये. आणि वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा त्यासच द्यावा. अपंगत्व मात्र शेकडा २० किंवा त्याहून अधिक ठरले पाहिजे.

नियम इतका सरळ असता लोकांस कोर्टाची पायरी का चढावी लागते? कारण कचेरीत तो पुष्कळदा उलटा वाचला जातो. धरमवीर सिंग ह्यांचा खटला ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. ते १९८५ साली भरती झाले तेव्हा त्यांच्या कागदावर कोणत्याही रोगाची नोंद नव्हती. सुमारे नऊ वर्षांनी झटक्यांच्या आजारामुळे शेकडा २० अपंगत्व ठरवून त्यांस कमी करण्यात आले, आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही असा बोर्डाचा अभिप्राय असल्यामुळे पेन्शन नाकारण्यात आले. हायकोर्टात एका न्यायाधीशाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केले व तेथे तो निकाल फिरला. शेवटी २ जुलै २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने पहिला निकाल कायम केला. कोर्टाने काही नवे सांगितले नाही; नियमात जे होते तेच वाचून दाखविले. हा रोग भरतीच्या तपासणीत का कळला नाही, ह्याची कारणे बोर्डाने लिहिली नव्हती, आणि कारणावाचून नुसता शिक्का पुरेसा नाही असे ठरले. एवढ्या साध्या गोष्टीस नोकरी सुटल्यापासून सुमारे एकोणीस वर्षे लागली.

ह्यावरून कोर्ट नेहमीच शिपायाच्या बाजूचे असते असे कोणी समजू नये. २०१९ साली नरसिंग यादव ह्यांच्या खटल्यात मानसिक आजाराचा प्रश्न होता. असे आजार भरतीच्या वरवरच्या तपासणीत दिसत नाहीत, म्हणून केवळ नोंद नसल्यावरून सर्व गृहीत धरता येणार नाही व बोर्डाच्या मतास मान दिला पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने म्हटले आणि मागणी फेटाळली. संशयाचा फायदा द्यावयाचा तो संशय वाजवी असावा लागतो. प्रत्येक दुखण्याचे खापर नोकरीवर फोडता येत नाही. त्या निकालातील कठोरपणा मला खुपतो, तरी ही अडचण खोटी आहे असे मला म्हणवत नाही.

मला अधिक खुपते ते दुसरेच. शिपाई एकदा जिंकला म्हणजे प्रकरण मिटत नाही. त्याच्याविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात जाते. संरक्षण खात्याने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच २०१५ साली असल्या अपिलांवर टीका केली होती. एका पक्षास वकिलाचा खर्च खजिन्यातून मिळतो, दुसरा बैल विकतो. २००७ च्या कायद्याने सैनिकांसाठी निराळे न्यायाधिकरण झाले, २००९ पासून ते चालू झाले, व त्याचे एक पीठ मुंबईस आहे, ही सोय मोठी आहे. परंतु २०१५ च्या एका निकालाने त्यापुढे हायकोर्टात जाण्याची वाट जवळजवळ बंद झाली होती. ती २०२३ साली सुप्रीम कोर्टानेच पुन्हा उघडली. मधल्या आठ वर्षांत जो हरला त्यास थेट दिल्ली गाठणे भाग होते, आणि खेड्यातील मनुष्यास दिल्ली किती दूर आहे हे वाचकांस सांगावयास नको.

आमच्या मंडळ्यांत आणखी एक संकोच आढळतो. कोर्टात जाणे म्हणजे भांडखोरपणा, आणि पैशासाठी जाणे म्हणजे लोभ, असे पुष्कळांस वाटते. भावाभावांच्या तंट्याविषयी ही भीती योग्यच आहे. परंतु हा तंटा भावाशी नाही. सरकारने स्वतःच लिहिलेला नियम सरकारने पाळावा एवढेच येथे मागणे आहे. पौलानेही अधिकाऱ्यांच्या हातून आपला न्याय होत नाही असे पाहून कैसराजवळ दाद मागितली होती. त्यास कोणी लोभी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

हे सर्व मी त्या गृहस्थास माझ्या परीने सांगितले. २००८ साली नियम बदलले व २०२३ साली पुन्हा बदलले, म्हणून कोणते नियम लागू हे नोकरी केव्हा सुटली त्यावरून पाहावे लागते, हेही सांगितले. मग तो विचारू लागला, "बारा वर्षे झाली, आता काय उपयोग?" तरसेम सिंग ह्यांनी तर सोळा वर्षांनी दाद मागितली होती. त्यांच्या खटल्यात २००८ साली सुप्रीम कोर्टाने असे ठरविले की, पेन्शन दरमहा देणे असते, म्हणून ते न देण्याचा अन्यायही दरमहा नवा होतो व उशिरामुळे हक्क बुडत नाही. मागील थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्याने बोटांवर हिशेब केला. बारातून तीन गेली, नऊ उरली. ती नऊ वर्षे, खटला जिंकला तरी, परत यावयाची नाहीत. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याची मुलगी दाराशी उभी राहून हे ऐकत होती. तिने वही आणिली, आणि मेडिकल बोर्डाच्या कागदपत्रांची नक्कल मिळावी म्हणून करावयाचा अर्ज तिने तेथेच बसून लिहिला. मी केवळ पत्ता सांगितला. सोमवारी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्या एस्‌टीने जावयाचे असे ठरवून दोघे घरी गेले.