मूठ, मणी आणि बोट

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत, आमच्या घरातल्या एका शंभर पानी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखलेले होते. एकात वेळ, दुसऱ्यात आकडा. सकाळी सात, ९६. दुपारी दोन, ९५. सहा मिनिटं चालून झाल्यावर, ९४. मावशीच्या खोलीच्या दारातून ऑक्सिमीटरचा तो चिमटा आत सरकवला जायचा आणि थोड्या वेळाने आतून तिचा आवाज यायचा, "पंच्याण्णव गं!" त्या एका शब्दावर घरातली झोप ठरायची. घरीच थांबायचं की खाट शोधायला निघायचं, हेही त्यावरच. त्या उन्हाळ्यात अशा वह्या किती घरांत होत्या!

मावशीचा जन्म शेतात गेला. मूळचा सावळा रंग उन्हाने आणखी रापलेला. तो रंग आणि तो आकडा यांचा काही संबंध असू शकेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नेमकं तेच तपासलं होतं, आणि डिसेंबर २०२० मध्ये, आमची वही सुरू होण्याच्या चार महिने आधी, छापलंही होतं. बोटावरच्या यंत्राने ९२ ते ९६ दाखवलं, त्याच सुमारास धमनीतलं रक्त काढून पाहिलं, तर गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत खरा आकडा ८८च्या खाली निघाला. कृष्णवर्णीय रुग्णांत हेच प्रमाण ११.७ टक्के होतं. मावशी बरी झाली. तो लेख मात्र मी फार उशिरा वाचला, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. उपचारातली विषमता यंत्रांनी मिटवता येईल असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो, ते नेमकं काय समजून म्हणत आलो?

या विचाराच्या इतिहासात १९७१ हे वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्युडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. त्यांनी त्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सर्वांत जास्त तिथे सर्वांत कमी मिळते, आणि सेवेवर बाजाराचा ताबा जितका अधिक तितकी ही उलटी चाल अधिक पक्की होते. उपचार हा पाण्यासारखा उताराकडे आपोआप वाहत नाही, त्याला चढावर न्यावं लागतं, हे इतक्या स्पष्ट शब्दांत आधी कुणी सांगितलं नसावं.

त्याच वर्षी उपचार चढावर कसा न्यायचा याचं एक उत्तर पश्चिम बंगालमधल्या बनगावला सापडत होतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या, पाऊस, आणि पटकी. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. जॉन्स हॉपकिन्सच्या कोलकात्यातल्या केंद्रातून गेलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी सांगितलं आहे की तिथल्या दोन खोल्यांत जमिनीवर रुग्ण इतके दाटीने पडलेले होते की सलाइन लावायला त्यांच्या विष्ठेत आणि वांतीत गुडघे टेकावे लागत. ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून आत शिरताना मिठातल्या सोडियमला सोबत नेतं आणि त्यामागे पाणी जातं, हे शास्त्राला माहीत होतं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर ते करूनही दाखवलं होतं. पण रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली. महालनबीसांनी ते नातेवाइकांच्या हाती दिलं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पिंपांना तोट्या लावल्या आणि आई, भाऊ, नवरा, जो सोबत असेल त्याला पेला देऊन सांगितलं, पाजत राहा. आधी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

सलाइनच्या बाटलीला सुई लागते, सुईला नर्स लागते, नर्सला दवाखाना लागतो. पेल्याला यातलं काही लागत नाही. मला वाटतं, तंत्रज्ञान आणि समता यांचं नातं त्या छावणीत पहिल्यांदा नीट जुळलं. १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या आरोग्यविषयक जाहीरनाम्यात शास्त्राच्या कसोटीला उतरणारं, लोकांना पटणारं आणि देशाला परवडणारं तंत्रज्ञान अशी भाषा आली. तिच्या पाठीशी असे अनुभव होते. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून गावातल्या बायांनाच आरोग्यसेविका करत होते, त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या.

बनगावात या मिश्रणाच्या पुड्या शहरातून तयार होऊन येत होत्या. खेड्यातल्या झोपडीत, रात्री, मूल जुलाबाने मलूल झालेलं असताना पुडी कुठून आणायची? बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत याचं उत्तर दारोदार जाऊन दिलं. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरांत बायकांनी बायकांना हे शिकवलं. यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चिमूट आणि मूठ कुणाची? आईची स्वतःची. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होणार. म्हणून संस्थेने आयांनी बनवलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले, आणि शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना आईला किती नीट जमतं यावर ठरवला. ज्या हाताने माप घ्यायचं, तोच हात आधी तपासून घेतला.

या वाटेवरचा पुढचा टप्पा आपल्या गडचिरोलीत आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर छातीला स्टेथोस्कोप लावावा, एक्स-रे काढावा, असं शिकवलं जाई. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान यांनी १९८४ मध्ये दाखवलं की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला किती आणि छाती आत ओढली जाते का, एवढ्यावरूनही बरंच कळतं. पण मोजणार कोण? गडचिरोलीच्या गावांत घड्याळं नव्हती. सुइणींना बारा-पंधरापुढे सलग मोजण्याची सवय नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' सुरू केलं होतं. त्यांनी या अडचणीकडे अडाणीपणा म्हणून पाहिलं नाही. श्वास मोजायचं एक साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. बाळाचं वय कमी असेल तर ओळ वेगळी, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो.

दहापर्यंत तर सगळ्यांनाच येतं. आणि "पोट उडतंय" हे तर प्रत्येक आजीला आधीपासून दिसत होतं. तिच्या नजरेला मण्यांनी आकडा जोडून दिला. पुढे औषधही सुइणीच्याच हाती दिलं. अँटिबायोटिक आणि तेही सुइणीच्या हाती, यावर आक्षेप यायचेच. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले आकडे त्यावर पुरेसे बोलतात. जिथे हे काम झालं त्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. पुढे नवजात बाळांची घरातच काळजी घेण्याचं काम उभं राहिलं. त्याने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून ते देशभरच्या आशाताईंच्या कामात आलं.

आता ऑक्सिमीटरकडे वळू. त्याचा प्रवास बरोबर उलट दिशेने झाला. जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक सुंदर गोष्ट सुचली. धमनीतल्या रक्ताच्या ठोक्यामुळे मोजणीत येणारी थरथर ही अडचण म्हणून काढून टाकण्याऐवजी तिच्यावरूनच रक्तातला ऑक्सिजन काढायचा. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवायचे आणि ठोक्यागणिक दोन्ही किती शोषले जातात याचं गुणोत्तर पाहायचं. सुई नाही, रक्त नाही. ऐंशीच्या दशकात हे यंत्र श्रीमंत देशांच्या शस्त्रक्रियागृहांत पोचलं आणि भूल देणं कितीतरी सुरक्षित झालं. पण २०१० मध्येही जगातल्या सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियागृहांत ते नव्हतं, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये आला. ट्युडर हार्टचा नियम चाळीस वर्षांनी तसाच खरा होता. २०११ मध्ये 'लाइफबॉक्स' ही संस्था उभी राहिली ती मजबूत आणि स्वस्त ऑक्सिमीटर गरीब देशांत पोचवण्यासाठी. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अमेरिकी शल्यविशारद अतुल गवांदे यांचे वडील विदर्भातल्या उटी या गावचे.

आणि मग साथ आली. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत महाराष्ट्रातल्या आशाताई आणि स्वयंसेवक तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले. पन्नास वर्षांपूर्वी अभियंत्याच्या टेबलावर असलेली कल्पना वाडीवस्तीवरच्या ओट्यावर पोचली. आज मागे पाहताना मला तो क्षण खरोखर मोठा वाटतो. त्या बायांचे पाय आणि ते यंत्र, दोन्हींमुळे माणसं वाचली, याबद्दल मला शंका नाही.

पण बोट? लाल प्रकाश त्वचेतल्या मेलॅनिनमध्येही अडतो. यंत्रातला आकडा जगाच्या सुरुवातीपासून लिहिलेला नसतो. निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत कमी कमी ऑक्सिजन देत, त्यांच्या धमनीतलं रक्त काढून त्या गुणोत्तराला एकेक आकडा जोडलेला असतो. ते स्वयंसेवक कोण होते यावर यंत्राचं खरेखोटेपण ठरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान दहा माणसं घ्या आणि त्यांत किमान दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल तितकी गडद त्वचेची असू द्या, इतकंच होतं. कृष्णवर्णीय रुग्णांत आकडा चुकू शकतो हे १९९० मध्येच एका अतिदक्षता विभागातल्या अभ्यासाने दाखवलं होतं. तीस वर्षं ती गोष्ट छापील पानांत पडून राहिली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने नवा मसुदा काढला, त्यात त्वचेच्या अधिक छटांवर आणि कितीतरी अधिक माणसांवर चाचणी मागितली आहे.

ब्रॅकने आईची मूठ तपासली. बंगांनी सुईण किती मोजू शकते ते आधी पाहिलं आणि मग मणी ओवले. ऑक्सिमीटर तयार होऊन आला आणि आपण त्यात आपलं बोट घातलं. समतेचा विचार करताना आपण बहुधा अंतर मोजतो: यंत्र किती लांब आहे, किती महाग आहे, फोनला रेंज आहे का. हे सगळं मोजायलाच हवं. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस हवी तर आधी ऑनलाइन नोंदणी करा असं ठरलं, तेव्हा शहरातली माणसं गाड्या घेऊन खेड्यांतल्या केंद्रांवर पोचली आणि गावातला माणूस फाटकाशी उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवलं आणि लसीकरण केंद्रावरच नोंदणी करण्याची वाट पुढे मोकळी झाली. ते अंतर निदान दिसतं, फाटकाशी उभा माणूस दिसतो. मापातली चूक दिसत नाही. ९५ हा आकडा हिरव्या-निळ्या प्रकाशात स्वच्छ उमटतो आणि घर झोपी जातं.

आता यंत्रांना शिकवण्याचं युग आलं आहे. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये अमेरिकेतल्या एका संगणकीय पद्धतीचा अभ्यास आला. जास्त काळजीची गरज कुणाला, हे ती पद्धत रुग्णावर आधी किती खर्च झाला यावरून ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर आजवर खर्चच कमी झाला होता, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यादीत खाली राहिले. एका खेड्यातल्या डॉक्टरने १९७१ मध्ये दुःखाने लिहिलेला नियम यंत्राने जुन्या नोंदींतून जसाच्या तसा उचलला होता. उद्या छातीच्या एक्स-रेवरून क्षय ओळखणारी, फोनवरून खोकला ऐकणारी साधनं आपल्या उपकेंद्रांत येतील, काही आलीही आहेत. मला ती हवी आहेत. तालुक्याला रेडिओलॉजिस्ट नसताना ती नाकारणं क्रूर होईल. फक्त ती येतील तेव्हा, कुणाच्या छातीवर आणि कुणाच्या खोकल्यावर शिकून आली, हे विचारायचा हक्क भामरागडच्या आशाताईला असावा आणि तिला त्याचं उत्तर तिच्या भाषेत मिळावं. तिच्या गावातल्या पन्नास माणसांवर ते आधी पडताळून पाहिलं जावं. मोठ्या रुग्णालयांत धमनीतलं रक्त तपासण्याची सोय आहे, तिथे आपल्याच सावळ्या, काळ्या, रापलेल्या बोटांवर ऑक्सिमीटर ताडून पाहणं काही अशक्य काम नाही.

ती शंभर पानी वही मी टाकलेली नाही. मागच्या पानावर मावशीच्या आजारातल्या सतरा दिवसांचे आकडे आहेत. एका ओळीत, रात्री अकराच्या नोंदीपुढे, आकड्याशेजारी तिने सांगितलं म्हणून कुणीतरी लिहून ठेवलं आहे: "दम लागतोय म्हणते, पण मशीन ९५ दाखवतंय." त्या रात्री आम्ही मशीनचं ऐकलं होतं.