रहम नको, हक होना

शाळेत आम्ही मुलांना दोन गोष्टी शिकवतो. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी, आणि मोठे काही विचारत असतील तर त्यांच्याकडे बघून उत्तर द्यावे. दोन्हींना आम्ही अदबच म्हणतो. यातली कोणती कधी लागू होते हे कुणी मुलांना समजावून सांगत नाही. बहुतेक मुले आपोआप ओळखतात. २०२२च्या जूनमध्ये पाचवीच्या वर्गात एक मुलगा आला, त्याला ते ओळखता येत नव्हते. मी त्याला इथे अयान म्हणेन. ते त्याचे खरे नाव नाही.

मी सोलापूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभे राहून मराठीत आपले नाव सांगायचे, ही माझी नेहमीची सुरुवात. अयान उभा राहिला आणि पंख्याकडे बघत राहिला. मी तीनदा विचारले. मुले हसू लागली. मला वाटले, हा मुद्दाम करतो आहे. मी जवळ जाऊन त्याची हनुवटी धरली आणि चेहरा माझ्याकडे वळवला. तो माझ्या हाताला कडकडून चावला.

त्या दिवशी मी हेडमास्तरसाहेबांकडे जाऊन सांगितले, हा मुलगा आपल्याकडे चालणार नाही, याला 'तसल्या' शाळेत घालायला सांगा. हे वाक्य माझेच होते. बी.एड.ला मी 'विशेष गरजा असलेली मुले' हा घटक शिकले होते. त्यावरच्या प्रश्नाला चांगले मार्कही पडले होते. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि मुलाला मारायला किंवा मानसिक त्रास द्यायला मनाई आहे, असे २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, हेही मला पाठ होते. पाठ असणे आणि माहीत असणे यात किती अंतर असते, ते त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. नवरा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो, ती घरी विड्या वळते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने सिव्हिल हॉस्पिटलचे कागद काढले. 'ऑटिझम' असा शब्द होता, पुढे टक्केवारी होती. मी तिला बसवले, चहा मागवला, आणि आपण अशा वेळी बोलतो तसे मऊ आवाजात बोलू लागले. मासूम आहे, अल्लाहचा बंदा आहे, आम्ही सांभाळून घेऊ, अभ्यासाची सक्ती करणार नाही, एका बाजूला बसू दे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आपा, मेरे बच्चे पे रहम नको करो. उसका हक होना मेरेकू. उसकू पढाओ."

मी दुखावले गेले. मी एवढे देऊ करते आहे आणि हिला नको आहे! पुढे कितीतरी दिवस मी त्या वाक्याशी मनातल्या मनात भांडत होते. त्या भांडणातूनच हा लेख लिहिते आहे. आपल्या घडणीत रहमला फार मोठे स्थान आहे. मग एखाद्याला आपला रहम नको वाटावा, असे त्यात काय असते?

मला सुचलेले उत्तर असे. रहम करणारा वर असतो आणि किती करायचा हे तोच ठरवतो. मी अयानला एका बाजूला बसवले असते तर माझा तास शांत गेला असता, माझे मन समाधानी राहिले असते आणि अयान चार वर्षे भिंतीकडे बघत बसला असता. हकाचे तसे नाही. तिथे हिशेब मला द्यावा लागतो.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द मूळ ग्रीक शब्दाला धरून केलेला आहे, त्यात 'स्व' आहे. मराठी शिकवणारी म्हणून मला तो खटकतो. स्वमग्न म्हटले की आपल्याला एकतर ध्यानस्थ साधू दिसतो नाहीतर आत्मकेंद्री माणूस. अयान दोन्ही नाही. वर्गातला कोणता मुलगा कोणत्या दिवशी गैरहजर होता, हे तो मला माझ्या हजेरीपटाआधी सांगतो. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ साली त्यांनी मांडले की, समजून घेण्यातली अडचण एकतर्फी नसते; ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळायला जड जाते, तसेच इतरांनाही त्याचे मन कळत नाही. फरक इतकाच की आपण संख्येने जास्त आहोत, म्हणून दोष त्याच्या नावावर लिहिला जातो. हनुवटी धरणारी मी आणि चावणारा तो, यात कोण कोणाला समजत नव्हते?

हळूहळू मी बघायला शिकले. शाळेची घंटा झाली की तो कानांवर हात दाबून किंचाळायचा. मी समजत होते की याला मोठा आवाज सहन होत नाही. एकदा त्याच्या घरी गेले. भिंतीला लागून माग चालू होते, बोललेले ऐकू येईना, आणि हा शेजारी गाढ झोपलेला! मागाचा आवाज मोठा असला तरी ठेक्यात असतो, पुढचा ठोका कधी पडणार ते माहीत असते. घंटा मात्र अचानक अंगावर येते. आम्ही तास संपायच्या आधी अयानला शिपाई चाचांकडे पाठवू लागलो, टोल त्यानेच द्यायचा. स्वतः दिलेल्या टोलाला तो घाबरला नाही. या उपायाला एक पैसा लागला नाही, फक्त चाचांची परवानगी लागली. ती हेडमास्तरसाहेबांच्या परवानगीपेक्षा अवघड होती.

दुसरा त्रास वेळापत्रकाचा. आमची शाळा शुक्रवारी लवकर सुटते, रमजानमध्ये वेळ बदलते, एखादे सर रजेवर गेले की तास बदलतात. अशा प्रत्येक बदलाला अयान जमिनीवर लोळण घ्यायचा. समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षिका आमच्याकडे महिन्यातून एकदा-दोनदा येत, कारण त्यांच्याकडे इतर अनेक शाळा होत्या. त्यांनी चित्रांच्या पट्टीची युक्ती सांगितली : दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रे ओळीने लावायची आणि झालेले चित्र काढून घ्यायचे. शर्टाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून मी पट्टी केली. दोन दिवस तो तिच्याकडे बघून आणखीच चिडत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की, मला मिळालेला नमुना मराठीतला होता आणि मी चित्रे डावीकडून उजवीकडे लावली होती. उर्दू वाचणाऱ्या मुलाचा दिवस उजवीकडून सुरू होतो. त्याला शाळा सुटल्याचे चित्र सकाळीच पहिले दिसत होते. पट्टी उलटी केली, शुक्रवारसाठी मशिदीचे वेगळे चित्र केले, आणि बदल असेल तर आदल्या दिवशी दाखवू लागले. लोळण थांबली असे मी म्हणणार नाही, कमी झाली.

वाक्प्रचार शिकवताना तर गंमतच झाली. 'पोटात कावळे ओरडणे' सांगितले तेव्हा त्याने शर्ट वर करून पोट तपासले. वर्ग हसला, तो रडकुंडीला आला. मग आम्ही त्याच्यासाठी एक वही केली : डाव्या पानावर शब्द सांगतात ते, उजव्या पानावर माणसाला म्हणायचे असते ते. ही वही पुढे अख्ख्या वर्गाने उतरवून घेतली. दखनी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना मराठी वाक्प्रचार अयानइतकेच परके होते. फक्त ती पोट तपासत नव्हती, गप्प बसत होती.

पण हे वाचून कुणी असे समजू नये की एकाची सोय केली की सगळ्यांचे भलेच होते. काही दिवस चाळीस मुलांचा तास एकट्या अयानमुळे वाया गेला आहे. एका मुलीचे अब्बू येऊन म्हणाले, "एक के वास्ते चालीस का नुकसान कायकू?" त्यांना मी संगदिल ठरवू शकत नाही. तेही आपल्या मुलीचा हकच मागत होते. आमच्याकडे अद्ल या शब्दाची एक जुनी व्याख्या आहे : प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवणे. सर्वांना सारखे देणे म्हणजे अद्ल नव्हे. वर्गात चष्मा लागणारे मूल पुढे बसते, त्याबद्दल मागचे मूल तक्रार करत नाही. हे मी त्यांना सांगितले, ते त्यांना पटले नाही, आणि माझेही पूर्ण समाधान झाले नाही. कारण खरी अडचण अयान नव्हता. एवढ्या मुलांना एकच शिक्षिका होती, ही अडचण होती. दुसरा प्रौढ माणूस वर्गात असता तर हा प्रश्न निघालाच नसता. हक एका मुलाचा म्हणून कागदावर द्यायचा आणि त्याची किंमत शेजारच्या मुलाकडून वसूल करायची, हा सरकारचा सोयीचा व्यवहार आहे. त्यात दोन पालक एकमेकांशी भांडतात.

मशिदीतही हेच. अयानला नमाज आवडते, कारण सगळे एकाच क्रमाने, एकाच वेळी हलतात. फक्त मधूनच तो हात फडफडवतो. एका जुम्याला सफेतल्या कुणीतरी त्याच्या अब्बूंना सांगितले, "ऐसों पे नमाज माफ है, घर पे रखो." मसला म्हणून त्यांचे पहिले वाक्य निराधार नाही. ज्याला समज नाही त्याच्यावर फर्ज नाही, तो मुकल्लफ नाही, हे आपल्या फिकहमध्ये आहेच. पण ती सवलत त्या मुलासाठी आहे. त्याच्या नावावर ती आपण घेतो आणि सफ सरळ करतो! अंध सहाबी इब्ने उम्मे मक्तूम आठवा. ते मध्येच बोलायला आले तेव्हा कपाळावर आलेल्या आठीबद्दल खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांना उद्देशून सूरह अबस उतरली. पुढे तेच मदिनेत अजान देत असत. त्यांना कोपऱ्यात बसवून सांभाळले गेले नाही, काम दिले गेले. शिपाई चाचांच्या टोलाची गोष्ट मी मशिदीच्या ट्रस्टींना सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. आता बापलेक मागच्या सफेत कडेला उभे राहतात आणि कुणी काही बोलत नाही. इतकेच झाले.

घरातला विषय जास्त अवघड. अयान तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, तेव्हा सासूने सुनेला दोष दिला : दूध पाजताना रागावली असेल, संध्याकाळी केस मोकळे सोडून फिरली असेल. तावीज झाले, फुंकर झाली. यावर हसण्याचा हक शिकलेल्यांना नाही. बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून या स्थितीला नाव दिले, आणि नंतर अमेरिकेतल्या भल्याभल्या तज्ज्ञांनी दोष आईच्या थंडपणावर ठेवला. ब्रूनो बेटेलहाइमचे याच मताचे पुस्तक १९६७मध्ये आले आणि गाजले. ते मत खोडणाऱ्या बर्नार्ड रिमलँड यांचे पुस्तक त्याआधीच, १९६४ला आले होते. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. म्हणजे सोलापूरची सासू आणि शिकागोचा प्राध्यापक एकच गोष्ट म्हणत होते. मग पाळी लसीची आली. १९९८मध्ये इंग्लंडच्या वेकफिल्ड या डॉक्टरने गोवराच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला. तो लेख 'लॅन्सेट'ने २०१०मध्ये मागे घेतला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. तरी २०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या मोहिमेत मी पालकांना समजावत फिरत होते तेव्हा तीच शंका ऐकली. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईचा राग, नजर, लस, यांचा त्यात हात नाही. हे त्या सासूला कुणीतरी बसून सांगायला हवे होते. सुनेने दहा वर्षे ऐकून घेतले, आणि त्याला आम्ही सब्र म्हटले.

कागदोपत्री आज पुष्कळ आहे. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. २०१६च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ते आहे. ४० टक्क्यांवर प्रमाणपत्र असेल तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. लहान मुलांच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही हाकेला वळून बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर 'लडके देर से बोलते हैं' म्हणत न थांबता तिथे जावे. अयानच्या अम्मीला यातले निम्मे मी सांगितले, निम्मे तिने मला.

अयान आठवीत गेला त्या वर्षी ती पुन्हा पिशवी घेऊन आली. आता तिला पुढचे विचारायचे होते. मुलगा १८ वर्षांचा झाला की आईबापांची कायदेशीर पालक म्हणूनची सही आपोआप चालत नाही. नॅशनल ट्रस्टच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो, हे तिने कुठेतरी ऐकले होते. अजून चार-पाच वर्षे आहेत, असे मी म्हटले. तिने मान हलवली. "हमारा तो लिख देंगे आपा. हमारे बाद किसका नाम लिखना?" अयानची मोठी बहीण तिच्याबरोबर आली होती, अकरावीत शिकणारी. ती खाली बघत होती, आणि तिची अम्मी तिच्याकडे बघायचे टाळत होती. मी फॉर्म उलटून मागची बाजू वाचू लागले.