वांटून गेलेला अपराध

ज्या अपकृत्यानें एकाच मनुष्याची मोठी हानि होते त्याची निंदा करण्यास आम्हांस फारसे कष्ट पडत नाहींत. चोरी झालेल्या घराचा धनी समोर उभा असतो. त्याच्या तोंडाकडे पाहून चोराचा अपराध मोजतां येतो. परंतु जी हानि लक्षावधि लोकांत इतकी बारीक वांटली जाते कीं कोणाच्याच पदरांत ती जाणवण्याइतकी पडत नाहीं, ती करणारास अपराधी म्हणावें कीं नाहीं, व म्हणावें तर नेमकें कोणास, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्याचें उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. कोणत्याही हमरस्त्यावर घटकाभर उभें राहिलें म्हणजे फाळक्यांच्या वर माल चढविलेला एखादा ट्रक चढणीवर कण्हत जातांना दिसतो.

रस्त्यास गाडीचें एकंदर वजन कळत नाहीं. त्यास कळतें तें एकेका आंसावरून खालीं उतरणारें वजन. म्हणून मोठ्या गाड्यांस दोनांऐवजीं तीन, चार, पांच आंस देतात, व कायदाहि मर्यादा घालतो ती आधीं आंसास. एकंदर वजन नियमांत असूनहि सारीं पोतीं मागें रचलीं तर मागच्या आंसाची मर्यादा मोडते. तींच हमालानें थोडीं पुढें रचलीं असतीं तर मोडली नसती. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील ओटावा गांवाजवळ १९५८ पासून १९६० पर्यंत एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या वळणाच्या रस्त्यांवर लष्करी शिपायांनीं ट्रक फिरवून फिरवून ते रस्ते झिजविले. त्यांतून निघालेला नियम असा कीं, आंसावरील वजन दुप्पट केल्यास रस्त्याची झीज दुप्पट न होतां सुमारें सोळापट होते. हा हिशेब ठोकळ आहे, प्रत्येक रस्त्यास तो तंतोतंत लागू पडत नाहीं. पण त्याचा रोख खरा आहे. आंसावर शेंकडा वीस वजन अधिक घेणारा, इजा मात्र जवळजवळ दुप्पट करून जातो.

येथें एक चतुर वाचक आम्हांस अडवील. आपल्या देशांत चार टायरांच्या एकेरी आंसाची मर्यादा १०.२ टन होती. जुलै १९१८ नव्हे, अगदीं अलीकडे, जुलै २०१८ मध्यें, ती सरकारनें ११.५ टन केली, आणि दोन आंसांच्या साध्या ट्रकचें एकंदर वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेलें. मग जून महिन्यांत जो ११.५ टन वाहत होता तो पापी आणि ऑगस्टांत तोच पुण्यवान, असें समजावयाचें काय? रस्ता तर राजपत्र वाचीत नाहीं. वरच्या नियमानें हिशेब केला तर वजन शेंकडा तेरा वाढलें व झीज शेंकडा साठ. आक्षेप खोटा नाहीं. माल वाहण्याचा खर्च उतरावा या हेतूनें सरकारनें जाणूनबुजून ही झीज पत्करली. पण हाच भेद आमच्या मतें महत्त्वाचा आहे. जी झीज सर्वांच्या नांवें, उघड, कांहीं लाभ मनांत धरून पत्करली गेली तिचा जाब सरकारास विचारतां येतो. रात्रीं चोरवाटेनें भुईकाटा चुकवून जाणारा मात्र तीच झीज कोणासहि न विचारतां सर्वांच्या खात्यावर मांडतो व भाडें स्वतःच्या खिशांत घालतो. (उत्तरेकडे या भुईकाट्यास धर्मकांटा म्हणतात, नांव ज्यानें दिलें त्यास बरेंच कळत होतें.)

परंतु हा ‘जाणारा’ कोण? चाकाशीं बसलेला ड्रायव्हर तर दुसऱ्याचें मीठ खातो. माल किती भरावा हें त्यास कोणी विचारीत नाहीं, आणि घाटाच्या उतरणीवर ब्रेक लागेनासा झाला तर प्राण मात्र त्याचा जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें हें ओळखलें आहे: मर्यादा मोडून गाडी चालविणाराच नव्हे, तर चालवूं देणाराहि दोषी, आणि ड्रायव्हर मालक नसेल तर मालकाच्या जाणिवेनेंच हें झालें असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. मालकास विचारावें तर तो शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. मी नियम पाळला तर तो चार पैसे कमी घेऊन माझें गिऱ्हाईक नेईल, हें त्याचें म्हणणें निव्वळ सबब नव्हे. जेथें कायदा झोंपलेला असतो तेथें सरळ मनुष्यास सरळपणाचा दंड भरावा लागतो. आजचा दंड वीस हजार रुपये व अधिक प्रत्येक टनास दोन हजार असा आहे. कित्येकांस तो जाचक वाटतो. आम्हांस तो सरळ मालकाचें संरक्षण वाटतो. शिवाय दंड भरला म्हणजे अधिक माल पुढें नेण्याची मोकळीक मिळाली असें होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २००५ मध्येंच स्पष्ट केलें आहे. जादा माल तेथेंच उतरला पाहिजे.

आणि माल मागविणारा? त्याविषयीं आम्हीं लिहावें याचा आम्हांस थोडा संकोचच वाटतो. आमचें घर बांधलें जात होतें तेव्हां वाळूचा भाव खेपेवर ठरला होता. पहिली गाडी आली ती फाळक्यांस वर फळ्या ठोकून भरलेली. एका खेपेच्या भाड्यांत जवळजवळ दीड खेप वाळू पडली. आम्हीं ड्रायव्हरास चहा दिला, आणि गाडी पुरवणारा मनुष्य भला आहे असें घरीं बोललोंहि. अशा सात खेपा झाल्या. पुढील पावसाळ्यांत आमच्या आळीच्या तोंडाशीं असलेली मोरी खचली. ती त्या गाड्यांनींच खचली असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. दुसऱ्यांच्याहि गाड्या त्या वाटेनें जात. मोरी बांधण्यास आळींतील घरांनीं वर्गणी काढली. कोपऱ्यावरच्या घरांत एक म्हातारीं विधवा बाई राहत. त्यांच्या दारीं उभ्या आयुष्यांत कधीं ट्रक आला नव्हता. वर्गणी सर्वांस सारखी होती. त्यांनीं आपला वांटा आमच्याच हातीं मोजून दिला, आणि आम्हीं तो यादींत लिहून घेतला.