दारात बसण्याचा हक्क कोणाचा?

युद्ध लढवणाऱ्या राजकारण्याच्या घरासमोर जाऊन निदर्शनं करावीत का, असं विचारलं की बहुतेक जण आधी घर कोणाचं ते बघतात आणि मग तत्त्व शोधतात. अमेरिकेत हे उघड दिसतं. 1980 च्या दशकात गर्भपातविरोधक विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड गावी एका डॉक्टरच्या घराबाहेर उभे राहू लागले. गावाने त्यावर बंदी घातली आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वस्तीतून मोर्चा न्या, दारोदार जाऊन पत्रकं वाटा, पण एकाच घराला लक्ष्य करून तिथे ठाण मांडू नका, असा त्या निकालाचा सारांश. 2022 मध्ये गर्भपाताच्या हक्काचे समर्थक न्यायमूर्तींच्या घरांसमोर जमले, तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापले जुने युक्तिवाद एकमेकांना देऊन टाकले. युद्धविरोधकांविषयी मला सहानुभूती आहे, म्हणून हा प्रश्न त्यांच्याच बाबतीत विचारणं मला जास्त गरजेचं वाटतं.

त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा असा: ज्याच्या सहीने गाझातल्या किंवा इराकमधल्या घरांवर बॉम्ब पडतात, त्याने स्वतःच्या घराच्या शांततेची तक्रार कुठल्या तोंडाने करावी? ऐकताना मान डोलते. पण हा सूडाचा तर्क आहे, आणि तो नीट ताणला तर युद्धखोरांच्याच गोटात जाऊन पोचतो. घर हे रणांगण नव्हे, म्हणूनच तर त्या बॉम्बना आपला विरोध आहे. शिवाय घरात सगळे मंत्री नसतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेल्या रॉबर्ट मॅकनमारांचा मुलगा क्रेग विद्यार्थी असताना स्वतःच युद्धविरोधी निदर्शनांत उतरला होता. बाहेरून घोषणा देणाऱ्याला आत कोण कोणत्या बाजूला आहे हे कळायला मार्ग नसतो.

तरीही सरसकट ‘नाही’ म्हणायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण सिंडी शीहान. अमेरिकी सैन्यात असलेला त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा केसी 4 एप्रिल 2004 रोजी बगदादच्या सद्र सिटीत मारला गेला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश टेक्सासमधल्या क्रॉफर्डजवळच्या आपल्या रँचवर लांबलचक सुट्टीला आले असताना शीहान तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसल्या. माझा मुलगा नेमक्या कोणत्या उदात्त कार्यासाठी मेला, ते मला समोर येऊन सांगा, ही त्यांची मागणी होती. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार स्टीफन हॅडली येऊन त्यांच्याशी बोलले. बुश आले नाहीत. आपल्याला सहानुभूती आहे, पण आपलं आयुष्यही चालू ठेवायला हवं, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. भर उन्हात माणसं वाढत गेली, रस्त्याकडेला मृत सैनिकांच्या नावाचे पांढरे क्रूस रोवले गेले. एकाने त्यांवरून ट्रक घातला, एका शेजाऱ्याने वैतागून हवेत बंदूक झाडली, तर दुसऱ्या एका जमीनमालकाने तळासाठी आपली जागा दिली.

या बसण्याची जात मराठी माणसाला ओळखीची वाटावी. पगार थकला की मराठी फौजांतले शिपाई सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरत. सावकार कर्जदाराच्या दारात बसे. बाहेरचा उपाशी, आणि लाजेपोटी आतल्यालाही घास घेता येऊ नये, अशी ती रीत. ती फार सोज्वळ होती असं नाही. दैवी कोपाचं भय घालून वसुली करण्याचे प्रकार इतके होते, की 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या 508 व्या कलमाखाली धरणं हेच उदाहरण म्हणून दिलेलं होतं. पण त्या रीतीत दोन गोष्टी गृहीत असत. बसणाऱ्याचं स्वतःचं काही येणं असे. आणि त्रासाचा मोठा वाटा तो स्वतःच्या अंगावर घेई.

शीहान या दोन्ही कसोट्यांना उतरतात. त्यांचं येणं खरं होतं आणि चटके त्यांनाच बसत होते. शिवाय त्या रँचवर बुश परदेशी पाहुण्यांना बोलवत, तिथूनच कारभार चालवत. जिथून सत्ता चालते त्या जागेला निव्वळ खाजगी म्हणता येत नाही.

याच्या शेजारी 2024 मधलं व्हर्जिनियातलं दृश्य ठेवून पाहा. परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांच्या घरासमोर गाझा युद्धाच्या विरोधकांनी अनेक महिने तळ ठोकला. तळ ठोकण्याला माझा आक्षेप नाही. थंडीवाऱ्यात राहणं सोपं नव्हे. पण गाड्या जाता-येता रक्तासारखा लाल रंग फेकला गेला, आणि त्या घरात दोन लहान मुलं राहत होती. मंत्र्याला उत्तर मागायचं सोडून घराला भेदरवायचं, असा तो बदल झाला. एक अडचण मात्र खरीच आहे: ज्यांचं येणं सर्वांत मोठं, ते गाझातले लोक व्हर्जिनियात येऊन बसू शकत नाहीत. त्यांच्या वतीने बसणाऱ्या अमेरिकन करदात्याचा हक्क मी मानतो, कारण बॉम्बचे पैसे त्याच्या खिशातून गेले आहेत. म्हणूनच त्याने हात जास्त आवरायला हवा. दुसऱ्याच्या दुःखाच्या नावावर उभं राहणाऱ्याला स्वतःचा राग मिरवण्याची मुभा कमी असते.

भेदरवण्याचा तोटा चळवळीलाच होतो, हे आपण मुंबईत पाहिलं आहे. विषय युद्धाचा नव्हता, एस.टी. महामंडळाच्या राज्य सरकारातल्या विलीनीकरणाचा होता. 8 एप्रिल 2022 रोजी शरद पवारांच्या ‘सिल्व्हर ओक’ निवासस्थानावर दगड आणि चपला गेल्या. कित्येक महिने संपावर असलेल्या, पगाराविना पिचलेल्या माणसांची कहाणी त्या दुपारनंतर चर्चेतून गेलीच. उरली ती अटकांची आणि कटाची.

खरी पंचाईत होते ती लंडनच्या प्रकरणात. एप्रिल 2024 मध्ये, तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या कीर स्टार्मर यांच्या घरासमोर निदर्शकांनी फलक लावला आणि गाझात मारल्या गेलेल्या मुलांची आठवण म्हणून लहान मुलांचे बूट मांडले. दगड नाही, रंग नाही. तरीही स्टार्मर यांच्या पत्नी मुलाला घेऊन परतत असताना हे पाहून अस्वस्थ झाल्या, आणि तीन निदर्शकांना पुढे शिक्षा झाली. शिक्षा मला जड वाटते. पण ते बूट संसदेच्या दारात मांडायला हवे होते, असंही वाटतं.

यावर निदर्शक ब्रायन हॉ यांच्याकडे बोट दाखवतील, आणि ते चूक नाही. हॉ इराकवरच्या निर्बंधांविरुद्ध 2001 च्या जूनपासून संसदेसमोरच्या चौकात बसले आणि जवळजवळ दहा वर्षं बसून राहिले. कोणाच्या घरी गेले नाहीत. सरकारने काय केलं? 2005 मध्ये संसदेच्या परिसरातल्या निदर्शनांवर निर्बंध आणणारा कायदा केला, आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी रात्री येऊन त्यांचे बहुतेक फलक उचलून नेले. घरांभोवती कुंपण मागणाऱ्या मंत्र्यांनी आधी तो चौक मोकळा ठेवायला हवा होता.