नुसतं ‘मम’ म्हणणारे परीक्षक

बस खाली. लॅपटॉप मिट आणि नीट ऐक. मध्ये बोलू नकोस.

यू-बूट या बूटलोडरमधला तो बदल तुझ्याकडे तपासायला आला होता. वर लेखकानं लिहिलंय, ‘फक्त साफसफाई, वागणुकीत फरक नाही.’ खाली तू ‘रिव्ह्यूड-बाय’ टाकून मोकळा झालास. एक प्रश्न नाही, एक शंका नाही. पूजेला बसलेल्या यजमानासारखं नुसतं ‘मम’ म्हणून पाणी सोडलंस! अरे, फरक नाही हे लेखकाचं म्हणणं झालं. ते खरं की खोटं हे बघायलाच तुला तिथे बसवलं होतं ना?

पहिलीच फाईल घे. एका स्टॅटिक व्हेरिएबलला ‘.data’ सेक्शनचा ॲट्रिब्यूट लावून शून्य दिलेलं होतं. चेकपॅच कुरकुरलं, ‘स्टॅटिकला शून्य देऊ नका’, म्हणून लेखकानं शून्यही काढलं आणि ‘जुनाट’ म्हणून ॲट्रिब्यूटही. म्हणजे ते व्हेरिएबल ‘.data’मधून बीएसएसमध्ये गेलं. चेकपॅच ही लिनक्स कर्नलची स्क्रिप्ट. तिथे बीएसएस सुरुवातीलाच पुसून स्वच्छ होतं, त्यामुळे तिचं म्हणणं तिथे बरोबर. पण आपण कर्नलच्या आधी चालतो, हे तुझ्या गावीही नाही. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतं, आणि त्यानंतरच बीएसएस वापरायच्या लायकीचं होतं. एआरएमवर तर त्याआधी बीएसएसच्या जागेवर रिलोकेशनची यादी बसलेली असते. तू मंजूर केलेलं व्हेरिएबल तिथे लिहिणार म्हणजे त्या यादीवरच लिहिणार. मग हलल्यावर एखादा पॉइंटर भलतीकडे जाईल, आणि बोर्ड दोन ओळी छापून गप्प बसेल. शोधणारा आठवडाभर रॅमला शिव्या देत बसेल. तो ॲट्रिब्यूट कुणी हौस म्हणून लावलेला नव्हता. गिट ब्लेम चालवून बघायला किती वेळ लागतो? त्या ओळीचा इतिहास वाचलास का? नाही.

पुढची फाईल. रीसेटचं बिट लिहिलंय, लगेच तेच रजिस्टर वाचलंय, मग उशिरासाठी युडिले. वाचलेली किंमत कुठेच वापरलेली नाही, म्हणून लेखकानं ते वाचन उडवलं. आणि तू? मान डोलावलीस! पीसीआयवरचं लिखाण ताबडतोब पोहोचतंच असं नाही. वाटेतल्या ब्रिजच्या बफरमध्ये ते थांबू शकतं. त्याच उपकरणावरून वाचलं की आधीचं लिखाण पोहोचल्याशिवाय उत्तर येत नाही. वाचन काढलंस की प्रोसेसर उशीर मोजायला लागतो आणि रीसेट अजून वाटेतच असतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा चालेल, आणि शंभराव्या वेळी चालणार नाही तेव्हा पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. आहे का उत्तर?

तिसरं तर कहर आहे. स्टेटस रजिस्टरमध्ये १ लिहिलं की ते बिट पुसलं जातं, असं डेटाशीटमध्ये स्पष्ट छापलंय. तिथे साधं राइटएल होतं. लेखकानं त्याचं ‘नीटनेटकं’ सेटबिट्स केलं. सेटबिट्स आधी वाचतं, त्यात भर घालतं आणि परत लिहितं. म्हणजे जेवढी बिटं १ होती, तेवढी सगळी एका फटक्यात पुसली. एक पुसायचं होतं, पाटीच कोरी केलीस. डेटाशीट उघडलं होतंस? खाली बघू नकोस, उत्तर दे.

‘सर, सीआय हिरवं होतं. क्यूईएमयूवर बूट झालं.’ येणार हे, माहीत होतं मला. क्यूईएमयू म्हणजे नुसता एम्युलेटर. त्यात डीरॅमचं ट्रेनिंग करावं लागत नाही, खऱ्या बसवरचा उशीरही तिथे नसतो. तिथे बूट झालं म्हणजे क्यूईएमयूवर बूट झालं, एवढंच. ज्याच्या घरी बोर्ड मरेल, त्यानं काय करायचं? पेटी उघडून फ्लॅश चिपला क्लिप लावायची आणि प्रोग्रामर जोडायचा? तोही चिप १.८ व्होल्टची की ३.३ ची हे बघून. दर घरात हे सामान असतं असं वाटतं का तुला?

कोअरबूट फर्मवेअरवाल्यांकडून शीक जरा. त्यांच्याकडे ‘बिल्ड टाइमलेस’ची सोय आहे. तारीख-वेळ बाजूला ठेवून बदलाच्या आधीची आणि नंतरची प्रतिमा बांधायची आणि बाइट न् बाइट सारखी आहे हे ताडून बघायचं. सारखी असली की लेखक तसं कमिटमध्ये लिहितो. यू-बूटमध्येही ‘सोर्स डेट इपॉक’ देऊन वेळ गोठवता येते. फक्त आवृत्तीच्या मजकुरात गिटचा हॅश शिरतो, तो विसरू नकोस. कधी ओळ कमी-जास्त झाली की ॲसर्टमधला ओळक्रमांक बदलतो आणि प्रतिमा जुळत नाही. हरकत नाही. ऑब्जडंप काढ आणि प्रत्येक फरकाचं कारण दे. एकाही फरकाचं कारण देता आलं नाही, तर ती साफसफाई नव्हे.

आणि ‘एवढ्याशा ओळींनी काय होतं’ हे माझ्यासमोर बोलू नकोस. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी मेमरी तपासणाऱ्या व्हॅलग्रिंडची तक्रार थांबावी म्हणून बाद केल्या. त्यासरशी रँडम आकड्यांच्या बीजात प्रोसेस आयडी सोडून काही उरलं नाही, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. तोवर जगभरच्या सर्व्हरांवर ओळखता येतील अशा किल्ल्या बसल्या होत्या. ती सुद्धा साफसफाईच होती!

नवं फीचर आलं की तुम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून बघता, आणि साफसफाई म्हटलं की झोपा काढता. नवा कोड निदान कुणीतरी बोर्डावर चालवलेला असतो. साफसफाईचा बदल बहुतेक वेळा नुसता कंपाइल केलेला असतो, आणि लेखकाकडे तो बोर्डही नसतो.

आता लिहून घे. सही आजच मागे घे आणि का घेतली ते चारचौघांत लिही. लेखकाला बदल फोडायला सांग: मोकळ्या जागा आणि नावं एका कमिटमध्ये, रजिस्टरला हात लावणारी प्रत्येक गोष्ट वेगळ्या कमिटमध्ये. पहिल्यासोबत जुळणारी प्रतिमा हवी, दुसऱ्यासोबत डेटाशीटचं पान आणि कोणत्या बोर्डावर चालवलं त्याचं नाव. उद्या वर्ग सुरू व्हायच्या आत ऑब्जडंपमधला फरक माझ्या टेबलावर पाहिजे. तोवर तुझ्याकडे तपासायला एकही बदल येणार नाही.