माया आणि ओळख

परक्या माणसावर माया करावयास त्याची ओळख असावी लागते काय? जकारिया यांच्या 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' या २०१८ सालच्या मल्याळी चित्रपटाने हा प्रश्न हसतखेळत पुढे मांडला आहे. आपल्याकडे तो फार थोड्यांनी पाहिला असावा, ही खेदाची गोष्ट होय.

केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात फुटबॉलचे वेड मोठे. सात-सात गड्यांच्या सामन्यांसाठी तेथे आफ्रिकेतून खेळाडू आणतात. मजीद हा अशाच एका संघाचा ओढगस्तीचा व्यवस्थापक. त्याचा नायजेरियन खेळाडू सॅम्युअल जायबंदी होतो आणि मजीद त्याला आपल्या घरी आणून ठेवतो. मजीदची आई जमीला व शेजारीण बीयुम्मा त्याची शुश्रूषा करतात. त्यांना इंग्रजी येत नाही, त्याला मल्याळम येत नाही. सारा गाव त्याला 'सुडानी' म्हणतो. नायजेरिया आणि सुदान यांच्यामध्ये चाडसारखा अफाट देश पसरला आहे, हे कोणाच्या गावीही नसते. (आपणही मल्याळी, तेलुगू, तमिळ अशा सर्वांना सरसकट 'मद्रासी' म्हणत आलो आहोत, तेव्हा हसावयाचे ते जपूनच.)

ज्याचा देशही नीट विचारला नाही त्याच्यावरील माया कसली, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला निम्माच खरा वाटतो. भुकेल्यास घास भरविताना त्याचा भूगोल विचारावा लागत नाही. सावित्री श्रीधरन आणि सरसा बालुश्शेरी या नटींनी ही माया अशी सहज दाखविली आहे की, अभिनय चालला आहे याचाच विसर पडावा. परंतु ती दयेच्या पलीकडे जात नाही. दयेत एक देतो, दुसरा घेतो. मैत्रीत दोघांचेही उणे एकमेकांस दिसावे लागते.

मजीदचे उणे घरातच आहे. आईने दुसरा विवाह केला, आणि तिच्या त्या वृद्ध पतीशी तो धड बोलत नाही. समुद्रापलीकडील माणसाची सेवा होते ती अशा घरात! यात मला ढोंग दिसत नाही. अतिथी केव्हा येईल हे ठाऊक नसले तरी तो जाणार, हे ठाऊक असते. सावत्र बाप जाणारा नसतो. त्याच्याशी उदार होणे म्हणूनच जड जाते.

अखेरीस मजीद त्या वृद्धाकडे वळतो. का, ते दिग्दर्शकाने उलगडून सांगितलेले नाही. मला वाटते, घरातील शुश्रूषा नुसती पाहून त्याची अढी सुटली नव्हती. सॅम्युअलच्या मागे राहिलेल्या आजीची, बहिणींची हकीकत त्याने ऐकली, तेव्हा कोठे ती हलली.