परमुलखांतली पाटी

मनुष्य परमुलखांत गेला म्हणजे त्याचा स्वभाव बदलतो असें म्हणतात. स्वभाव बदलतो कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. पण त्याची नजर बदलते एवढें निश्चित. घरची मोटार घेऊन नाशिकहून नेपाळास जाणारीं कुटुंबें आतां दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. पशुपतिनाथाचें दर्शन, जमल्यास मुक्तिनाथ, आणि मुलांसाठीं पोखऱ्याचें सरोवर, असा सामान्यतः बेत असतो. गोरखपूर सोडून सुनौलीची वेस ओलांडावयाची, भन्सार म्हणजे जकातकचेरींत मुक्कामाच्या दिवसांप्रमाणें पैसे भरून मोटारीची परवानगी काढावयाची, कीं झालें. ज्या गृहस्थानें नाशिकच्या द्वारका चौकांत एकाहि पाटीकडे कधीं मान वर करून पाहिलें नसेल, तोच आतां प्रत्येक त्रिकोण, प्रत्येक वर्तुळ आणि प्रत्येक बाण मोठ्या भक्तिभावानें वाचूं लागतो. परत येतांना गोरखपूर मागें पडलें कीं ही भक्ति ओसरूं लागते, आणि नाशिक येईपर्यंत ती पार नाहींशी झालेली असते.

हा फरक हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. त्याच्या बुडाशीं एक नैतिक प्रश्न आहे. जी पाटी आपण परक्याच्या घरीं मानतों ती स्वतःच्या घरीं कां मानीत नाहीं? परक्याच्या घरीं मानतों ती भीतीमुळें, सभ्यतेमुळें, कीं समजुतीमुळें? आणि पाटी समजणें म्हणजे तरी नेमकें काय?

प्रथम ह्या खुणांचें कुळ पाहूं. मोटार हें वाहन नवें होतें त्या काळीं, १९०९ सालीं, पॅरिस येथें युरोपांतील कित्येक राष्ट्रांनीं एकत्र येऊन चार चित्रें ठरविलीं: खांचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचें फाटक. ह्या चारांत आज्ञा एकहि नव्हती. चारहि केवळ सावधगिरीच्या सूचना होत्या. पुढें १९३१ सालीं जिनीव्हा येथें आणि १९६८ सालीं व्हिएन्ना येथें ह्या चित्रलिपीचा विस्तार झाला. भारतानें व्हिएन्नाचा करार १९८० सालीं स्वीकारला, आणि १९८८ च्या आमच्या मोटार वाहन कायद्यांतहि खुणांचे आज्ञार्थक, सावधगिरीच्या व माहितीच्या असे तीन वर्ग केले आहेत. तांबड्या कडेचा त्रिकोण सावध करतो, तांबड्या कडेचें वर्तुळ मना करतें, निळें वर्तुळ अमुक करा म्हणून सांगतें. नेपाळांतील खुणाहि बहुशः ह्याच घराण्यांतल्या आहेत. येणाऱ्यास आपली भाषा येत असेलच असें नाहीं, हें गृहीत धरून ही लिपि जन्मास आली, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिचा मूळ वाचक नागरिक नव्हे, तर पाहुणा आहे.

आतां नेपाळांत मराठी माणसास एक मोठा लाभ आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. तेथील लिपि देवनागरीच. त्यामुळें चित्राखालचीं अक्षरेंहि त्यास घडाघडा वाचतां येतात. परंतु घात होतो तो येथेंच. घाटांत पाटीवर ‘बिस्तारै’ असा शब्द येतो. मराठी वाचकाच्या मनांत ‘विस्तार’ उभा राहतो, आणि पुढें रस्ता रुंद झाला असावा अशी त्याची सहज समजूत होते. त्या शब्दाचा नेपाळींतील अर्थ मात्र ‘हळू’ असा आहे! सावकाश चला म्हणून विनविणारी पाटी, अक्षरें ओळखीचीं आहेत एवढ्याच कारणानें, वेग वाढविण्याची मुभा वाटावी, हा केवढा विपर्यास! तसाच ‘सवारी’ हा शब्द. तेथें त्याचा अर्थ वाहन. आमच्या जुन्या घरांतून ‘स्वारी बाहेर गेली आहे’ म्हटलें कीं यजमान बाहेर गेले असें समजावयाचें.

ह्यासाठीं नेपाळपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. नाशिकहून दिंडोरी व वणी करीत निघालें आणि हातगड मागें टाकला कीं सापुताऱ्यापाशीं गुजरात लागतो. हा कांहीं परका देश नव्हे. १९६० च्या १ मे रोजीं दोन राज्यें झालीं, त्यापूर्वीं तर एकाच मुंबई राज्याचा कारभार दोन्हींकडे होता. पण लिपि बदलते. गुजराती अक्षर हें शिरोरेषा काढून टाकलेल्या देवनागरीसारखें दिसतें, आणि थोड्या सरावानें ‘आगळ वळांक’ एवढें लागतेंहि. मराठींत आगळ म्हणजे दाराचा अडसर. गुजरातींत आगळ म्हणजे पुढें. पुढें वळण आहे असें सांगणाऱ्या शब्दांत आम्हांस बंद दार दिसतें! सुदैवानें वळणाचें चित्र दोन्हीं राज्यांत एकच असल्यामुळें शब्दानें केलेला घोटाळा चित्र निस्तरतें.

ह्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ओळख आणि समज ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. लिपि सर्वस्वीं परकी असती तर मनुष्य सावध राहिला असता. त्यानें कोणास तरी विचारलें असतें, निदान वेग कमी केला असता. खरा धोका आहे तो अर्ध्या ओळखींत. आणि आमचें म्हणणें असें आहे कीं, स्वतःच्या गांवांतील पाट्यांशीं आपला संबंध अशा अर्ध्या ओळखीचाच झालेला असतो. त्या आपण इतक्या वेळां पाहिलेल्या असतात कीं त्या वाचण्याची गरजच आपणांस वाटेनाशी होते.

मग समज येते कोठून? आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं ह्याचा खोल विचार केला आहे. एक वडील माणूस दुसऱ्यास ‘गाय आण’ म्हणतो. दुसरा गाय आणतो. पुढें तो ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ म्हणतो, त्याप्रमाणें घडतें. शेजारीं उभें असलेलें मूल हें सारें पाहतें, आणि कोणीं न शिकवितां त्यास शब्दांचे अर्थ कळूं लागतात. ह्यास त्यांनीं वृद्धव्यवहार असें नांव दिलें. परमुलखांत मोटार हांकणारा मनुष्य ह्या मुलासारखाच असतो. पुढील मालमोटारीचा उजवा दिवा लुकलुकूं लागला म्हणजे ‘मी वळतों’ असें तिचा चालक म्हणतो, कीं ‘तूं खुशाल पुढें जा’ असें म्हणतो? समोरच्यानें दिवे उघडझाप केले, तर ती विनंती कीं दटावणी? कांहीं देशांत त्याचा अर्थ ‘आधीं तुम्ही’ असा घेतात. आपल्याकडे बहुधा ‘आधीं मी’ असा. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ ह्या मंत्राचा अर्थ तर लिहिणाऱ्यासहि सांगतां येत नसे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानें २०१५ सालीं त्यास मनाई केली. हे अर्थ पुस्तकांतून कळावयाचे नाहींत. ते तेथील लोकांचें वागणें पाहूनच कळावयाचे.

ह्यांतून निघणारें अनुमान थोडें कडू आहे. नवखा मनुष्य अर्थ शिकतो तो आमच्या वागण्यावरून, मग आम्ही त्यास काय शिकवितों? रस्त्यावरच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांपाशीं पायीं चालणारा उभा आहे आणि एकहि वाहन थांबत नाहीं, असें पाहुण्यानें चार ठिकाणीं पाहिलें, तर ते पट्टे शोभेचे आहेत असेंच तो समजेल. आणि व्यवहारतः त्याचें समजणें खरेंच असेल. पाटी सरकार लावतें. तिचा अर्थ नागरिक लावतात. प्रत्येक चालक हा आपल्या गांवच्या खुणांचा भाष्यकार आहे, आणि भाष्य भ्रष्ट झालें कीं मूळ ग्रंथहि निरुपयोगी होतो.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारी माणसांकडूनच येतो. खुणा पाहुण्यासाठीं निघाल्या असें तुम्हींच म्हणतां. मग ज्या रस्त्यानें आम्ही वीस वर्षें रोज जातों, ज्याचें वळण न् वळण आम्हांस तोंडपाठ आहे, तेथें आम्हांवर पाटीचें बंधन कां? ज्यास ग्रंथ लागतो त्यानें मुळाक्षरें कां गिरवावींत? ह्यास उत्तर असें. पाटी जर केवळ दगडामातीच्या रस्त्याविषयीं बोलत असती, तर हा आक्षेप मान्य करावा लागला असता. पण वळणाची पाटी वळणाविषयीं फारसें बोलतच नाहीं. वळणापलीकडे काय असूं शकेल ह्याविषयीं ती बोलते. शाळकरी मुलांचें चित्र असलेला त्रिकोण शाळेची इमारत कोठें आहे हें सांगण्यासाठीं लावलेला नाहीं. ह्या क्षणीं एखादें मूल आईचा हात सोडून धांवत सुटेल, एवढेंच त्याचें सांगणें आहे. इमारत वीस वर्षें तीच आहे. मूल मात्र आजचें आहे. रस्त्याचें ज्ञान आम्हांस असेल, त्या मुलाचें नाहीं. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत दगावल्याची नोंद केंद्र सरकारच्या अहवालांत आहे. ह्या साऱ्या अपघातांतील चालकांना रस्ता अपरिचित होता असें कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाट्याच खोट्या असतात, त्याचें काय? काम संपून महिने लोटले तरी ‘काम चालू’ची पाटी उभीच, जेथें वळण तीव्र आहे तेथें पाटी नाहीं, आहे तेथें ती झाडाच्या फांदीआड, नाहींतर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकाआड. जी पाटी दहांपैकीं चार वेळां खोटें बोलते तिच्यावर विश्वास ठेवावा कसा? ही तक्रार आम्हांस मान्य आहे. पाटी लावणें हा एक शब्द देणें आहे, आणि दिलेला शब्द राखण्याचें दायित्व लावणाऱ्यावर आहेच. पण कोणती पाटी खोटी हें स्थानिकास ठाऊक असतें, पाहुण्यास नसतें. तेव्हां खोट्या पाटीची शिक्षा तिची सवय झालेल्या आम्हांस होत नाहीं. ती तिच्यावर विश्वासणाऱ्या परक्यास होते. म्हणून स्थानिकाचें कर्तव्य दुहेरी आहे. खरी पाटी त्यानें पाळावी, आणि खोटी पाटी मुकाट्यानें वगळून पुढें न जातां ती हटविण्याचा आग्रह धरावा. पहिलें कर्तव्य टाळण्यासाठीं दुसऱ्याचें निमित्त पुढें करणें हें शहाणपण नव्हे, पळवाट होय.

प्रवाशाविषयींचें हें कर्तव्य आमच्या नाशिकास नवें नाहीं. त्रिरश्मि डोंगरावरील ज्या लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात, त्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील लेख आहे. त्यांत इतर दानांबरोबर आणखी एक पुण्यकृत्य नोंदलें आहे: पारदा, दमणा, तापी, दाहानुका इत्यादि नद्यांवर त्यानें नावांनीं विनामूल्य उताराची सोय केली. ह्यांपैकीं पार आणि दमणगंगा ह्या नद्या नाशिकच्याच डोंगरांत उगम पावतात. उषवदात शक वंशाचा, म्हणजे मूळचा परमुलखाचाच. नदीकांठीं अडून बसलेल्या वाटसरूची अवस्था त्यानें ओळखली, आणि त्याची सोय हें दान मानून तें शिळेवर कोरविलें.

परंतु ह्या लेखाचा पुढला इतिहासहि बोधप्रद आहे. ब्राह्मी लिपि जाणणारा कोणी उरला नाहीं. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप ह्यानें ती लिपि उलगडीपर्यंत, शेकडों वर्षें, लोक त्या अक्षरांखालून ये-जा करीत होते. अक्षर शाबूत होतें, वाचणारा नव्हता. ब्राह्मीच्या बाबतींत जें व्हावयास शतकें लागलीं, तें रस्त्यावरच्या पाट्यांच्या बाबतींत आपण एका पिढींत करून दाखवीत आहों. फरक इतकाच कीं ती लिपि लोक विसरले होते. ही आपणांस येते.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें दिसतें. भीतीनें पाटी मानणारा मनुष्य दंड टळला कीं ती मानीनासा होतो. केवळ सभ्यतेनें मानणारा यजमानाची पाठ फिरली कीं सैल होतो. समजून मानणारा मात्र देश बदलला म्हणून बदलत नाहीं. कारण पाटी कोणातरी न दिसणाऱ्या माणसाच्या वतीनें बोलत आहे हें त्यानें जाणलेलें असतें, आणि न दिसणारीं माणसें सर्वच देशांत आहेत. नेपाळांत आपण पाट्या वाचतों ह्याचें श्रेय नेपाळास नाहीं. आपणांस सर्व कांहीं ठाऊक नाहीं ह्या प्रामाणिक जाणिवेस तें आहे. ती जाणीव घरीं अधिक खरी असावयास हवी, कारण घरीं तिचें स्मरण देणारें कोणी नसतें.

दर बारा वर्षांनीं सिंहस्थ येतो, आणि साऱ्या भारतांतून लोक नाशिकास व त्र्यंबकेश्वरास येतात. २०१५ सालींहि ते आले. त्यांत किती जण मराठी जाणत असतील? त्यांच्या दृष्टीनें आपलें गांव हाच परमुलूख. बंगालमधून किंवा तामिळनाडूंतून आलेली एखादी म्हातारी रामकुंडाकडे जातांना रस्ता ओलांडूं पाहते. तिला ‘थांबा’ हें अक्षर वाचतां येत नाहीं. पण त्या अक्षराशीं वाहनें थांबतात कीं नाहीं, हें तिला दिसतें. आणि आपली पाटी काय म्हणते तें ती तेवढ्यावरून समजून घेते.